आधी राहण्याची घडी, मग नात्याची

शिकून-सवरून कमावती झालेली मुलगी किंवा मुलगा आणि साठी उलटलेली आई किंवा वडील एकाच घरात राहतात, दोघांनाही एकमेकांची काळजी असते, आणि तरी सकाळ दुधाच्या पातेल्यावरून सुरू होते नि रात्र दाराच्या कडीवरून संपते. अशी घरं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. मुंबई, ठाणे, पुण्यात भाड्याच्या घरासाठी आधी भलीमोठी अनामत रक्कम मोजायची आणि अकरा महिने झाले की पुन्हा करार करायचा, हे एकट्याच्या पगारात झेपत नाही. लग्नं उशिरा होतात, काही होतच नाहीत, काही मोडतात. कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी घरी परततो, कुणाची आई वडिलांच्या मागे एकटी पडलेली असते. अशांना मिळणारे सल्ले ठरलेले असतात. मोकळेपणाने बोला, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा, मोठ्यांचं मनावर घेऊ नका. हे सल्ले खोटे नाहीत, पण त्यांचा क्रम चुकलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. आधी मनं जुळतील आणि मग घर सुरळीत चालेल, असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक घरांत उलटं करावं लागतं. आधी एकत्र राहण्याची घडी बसवायची, रोज उठून भांडायचे प्रसंग कमी करायचे. त्यानंतरच नात्याला सावरायला उसंत मिळते.

न संपलेली व्यवस्था

मूल दहा वर्षांचं असताना घरात एक व्यवस्था असते. ती कुणी लिहून काढलेली नसते, पण सगळ्यांना पाठ असते. कधी उठायचं, काय खायचं, कुठे जायचं, किती वाजता परतायचं हे आई-वडील ठरवतात, आणि त्या बदल्यात खाणंपिणं, कपडेलत्ते, आजारपण, फी हा सगळा भार तेच उचलतात. त्या वयात ते योग्यच असतं. पण ही व्यवस्था अमुक दिवशी संपली, असं कुठल्याच घरात कुणी जाहीर करत नाही. जी मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन बाहेर पडतात, त्यांच्या बाबतीत मध्ये खंड पडतो आणि तेवढ्या काळात दोन्ही बाजू नकळत बदलतात. चार दिवस माहेरपणाला आलेल्या मुलीला 'इतका वेळ फोनवर कुणाशी बोलत होतीस?' असं आई सहसा विचारत नाही. तीच मुलगी लग्न न करता घरात राहिली असती, तर विचारलं असतं. घर न सोडलेल्यांच्या वाट्याला हा खंड येत नाही, आणि सोडून परत आलेल्यांचा तो उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच पुसला जातो. मग जुनी व्यवस्था मोडकळीला आली तरी चालू राहते, आणि जो तो तिच्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग घट्ट धरून बसतो. मुलाला स्वातंत्र्य प्रौढ माणसाचं हवं असतं आणि ताट मात्र वाढलेलं हवं असतं. मुलीने कर्त्या माणसासारखा भार उचलावा, पण पाऊल मात्र विचारून टाकावं, असं आईला वाटत असतं. प्रत्येकाला आपला अर्धा भाग हक्काचा वाटतो आणि समोरच्याचा जाच.

या जाचाच्या मुळाशी पुष्कळदा अगदी मोजता येण्याजोगी गोष्ट असते, ती म्हणजे घरकाम. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 289 मिनिटं खर्च करतात. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची सरासरी 88 मिनिटं आहे. एकीकडे पावणेपाच तासांहून अधिक आणि दुसरीकडे दीड तासही नाही. पलंगावर पडलेल्या ओल्या टॉवेलवरून आई बोलते तेव्हा मुलाला ती कटकट वाटते, पण त्या बोलण्यामागे चाळीस वर्षांच्या कामाचा थकवा असतो. घरात मुलगी असेल तर यातला मोठा वाटा गृहीत धरून तिच्याकडे सरकवला जातो आणि भावाला त्यातून सूट मिळते, म्हणून तिचा राग वेगळ्या जातीचा असतो. वडिलांची गोष्ट आणखी वेगळी. तीस-पस्तीस वर्षं ज्यांचा शब्द कचेरीत किंवा कारखान्यात चालला, ते निवृत्तीनंतर दिवसभर घरी असतात आणि शब्द चालवायला हाताशी एवढं एक घरच उरतं. पंखा कुणी चालू ठेवला, गिझर किती वेळ जळतोय, यावरची त्यांची करडी नजर तिथून आलेली असते. तिच्या खाली आणखी एक धास्ती असते. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर असेल नसेल ते मुलांना वाटून टाकतात आणि मग मुलांच्या घरी त्यांची परवड होते. ते नाटक पाहिलेल्या पिढीला, घरावरचा ताबा सुटला की आपली किंमत संपली, ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

अभ्यास काय सांगतात

प्रौढ मुलं आणि आई-वडील यांच्यातल्या ताणावर पाश्चात्त्य देशांत बराच अभ्यास झाला आहे. त्यातला पहिला दिलासा असा की माया आणि चीड एकाच वेळी असणं ही विकृती नव्हे. कुर्ट ल्यूशर आणि कार्ल पिलेमर या समाजशास्त्रज्ञांनी 1998 साली मांडलं की पिढ्यांमधलं नातं मुळातच द्विधा असतं. आधार द्यायचा-घ्यायचा आणि स्वतंत्रही व्हायचं, या दोन ओढी त्यात कायम असतात. म्हणजे आईचा राग आला म्हणून तुम्ही कृतघ्न ठरत नाही. दुसरा निष्कर्ष मिशिगन विद्यापीठातल्या किरा बर्डिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2009 सालचा. त्यांनी ताणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक प्रकार राहणीमानाचा: पैसे कसे खर्च करता, घर कसं ठेवता, तब्येतीकडे लक्ष देता का. दुसरा प्रकार नात्याचा: न मागता दिलेला सल्ला, स्वभावांची टक्कर, किती जवळीक ठेवायची यावरचं दुमत. नात्याला अधिक इजा दुसऱ्या प्रकाराने होते, असं त्यांना आढळलं. शिवाय हे ताण मुलांपेक्षा आई-वडिलांना अधिक लागतात, असंही दिसलं. आपल्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण 'त्यांना काही फरक पडत नाही, त्रास होतो तो मलाच' अशी घरात राहणाऱ्या प्रत्येक मुलाची पक्की समजूत असते.

तिसरा पुरावा मानसिक आजारांच्या अभ्यासातून येतो, म्हणून तो जपून वापरला पाहिजे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी 1950 च्या दशकात, स्किझोफ्रेनियातून बरे होऊन रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांचा माग काढायला सुरुवात केली. आई-वडिलांच्या किंवा जोडीदाराच्या घरी परतलेले काही रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा लवकर पुन्हा आजारी पडत होते. पुढे 1976 साली क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी दाखवलं की टीका, वैरभाव आणि अतिगुंतवणूक असलेल्या घरांत, आठवड्याला 35 तासांहून जास्त काळ समोरासमोर राहणाऱ्या रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाण 69 टक्के होतं, आणि तशाच घरांत 35 तासांपेक्षा कमी सहवास असलेल्यांत 28 टक्के. हे आकडे आजारी माणसांचे आहेत, ते सर्वसाधारण घरांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण त्यांतून दिसणारं सूत्र लक्षात घेण्यासारखं आहे: एकत्र राहणं हा त्रास नसतो, टीकेचं वातावरण आणि सततचा समोरासमोरचा सहवास एकत्र आले की त्रास होतो. चंदीगडमध्ये नरेंद्र विग आणि लेफ यांच्या गटाने केलेल्या, 1987 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या कुटुंबांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. तेव्हा 'एकत्र राहिलं की भांडणं व्हायचीच' हा निष्कर्ष भारतीय अनुभवावरही टिकत नाही. टीकेचे प्रसंग कमी करणं आणि समोरासमोरचे तास आवरणं, या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

घडी कशी बसवायची

सुरुवात कागद-पेनने करा. गेल्या महिनाभरात ज्या ज्या गोष्टींवरून खटके उडाले त्या लिहून काढा आणि त्यांचे दोन भाग करा. पहिल्या भागात राहण्याचे प्रश्न: कामं, पैसे, वेळा, आवाज, दार, पाहुणे. दुसऱ्या भागात नात्याचे प्रश्न: लहानपणी भावाला झुकतं माप दिलं, माझ्या कामाची कधी किंमत केली नाही, माझा घटस्फोट अजून मान्य केलेला नाही. पहिल्या भागातले प्रश्न ठरवून सुटतात. दुसऱ्या भागातले ठरवून सुटत नाहीत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तर नाहीच नाही. आपल्या घरांत होतं असं की दुसऱ्या भागातलं दुखणं पहिल्या भागातल्या निमित्ताने बाहेर पडतं. 'गॅस पुसला नाहीस' पासून सुरू झालेलं बोलणं तीन मिनिटांत 'तुला कधी आमची पर्वा होती?' वर जातं. म्हणून पुढचे काही महिने फक्त पहिल्या भागावर काम करायचं आणि दुसरा भाग जाणूनबुजून बाजूला ठेवायचा, एवढी शिस्त स्वतःला लावून घ्या.

कामाच्या बाबतीत मदत करू नका, काम घ्या. मदत करणाऱ्याला सांगावं लागतं, आठवण करावी लागते, झालं का ते विचारावं लागतं, आणि नेमका तिथेच तंटा होतो. एखादं काम आठवणीसकट तुमचं झालं, की त्यावरचं बोलणं थांबतं. रात्रीची भांडी आणि ओटा. किंवा सगळं धुणं, म्हणजे मशीन लावण्यापासून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या कपाटात ठेवण्यापर्यंत. किंवा किराणा, म्हणजे डब्यातली तूरडाळ संपत आल्याचं बघण्यापासून ती भरून ठेवण्यापर्यंत. सुरुवातीला आई 'मला जमतं तसं तुला जमणार नाही' म्हणेल, भांडी पुन्हा घासेलही. त्यावर वाद घालू नका. तीन आठवडे काम नेमाने होत राहिलं की तिचं लक्ष सुटायला लागतं. मात्र तिचा जीव ज्या कामात असतो ते काढून घेऊ नका. देवपूजा, फोडणी, लोणच्याची बरणी ही तिची सत्ता आहे आणि ती तिच्याकडेच राहिली पाहिजे.

पैशांचा हिशेब धूसर राहिला की दोन्ही बाजूंना आपणच जास्त देतोय असं वाटत राहतं. अनेक कमावती मुलं विजेचं बिल, गॅस, वायफाय, सोसायटीचा मेंटेनन्स मोबाइलवरून परस्पर भरतात आणि आईला त्यातलं काहीच दिसत नाही. तिला दिसतात ती फक्त ऑनलाइन मागवलेली पार्सलं. त्यापेक्षा पगार झाला की ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात किंवा हातात द्या आणि तिच्या इच्छेने खर्चू द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, ती नेमाने मिळायला हवी. नोकरी नसेल, अभ्यास चालू असेल, तर पैशांच्या जागी काम आणि एक मुदत सांगा: अमुक परीक्षेपर्यंत मी प्रयत्न करीन, नंतर मिळेल ती नोकरी धरीन. घरात बसलेल्या मुलाबद्दल आई-वडिलांची खरी तळमळ खर्चाची नसते, हे किती दिवस चालणार याची असते, आणि तिच्यावर मुदत हाच उतारा आहे.

रात्रीच्या परतीचा प्रश्न बहुतेक घरांत सगळ्यात तापलेला असतो, म्हणून तो जरा जवळून बघू. मुलीला वाटतं, बत्तिसाव्या वर्षी मला वेळेचा जाब कशाला? आईला किल्ली फिरल्याचा आवाज येईपर्यंत झोप लागत नाही. ती हॉलमध्ये दिवा लावून बसते आणि दार उघडताच पहिलं वाक्य प्रश्नाचं येतं. इथे जाब आणि खबर वेगळ्या करता येतात. मुलीने रात्री नऊच्या आत एका ओळीचा निरोप पाठवायचा: जेवायला आहे की नाही, आणि साधारण किती वाजता पोचेन. उशीर वाढला तर दुसरी ओळ. आईने आतून कडी न लावता फक्त लॅच ठेवायचा, ताट झाकून ठेवायचं की नाही ते निरोपावरून ठरवायचं, आणि दारात काही विचारायचं नाही. विचारायचं असेल ते सकाळच्या चहाला. यात आईला सुरक्षिततेची खात्री मिळते, मुलीला जाबातून सुटका मिळते, आणि दोघींपैकी कुणालाही आपलं तत्त्व सोडावं लागत नाही. राहण्याच्या इतर प्रश्नांनाही हाच नमुना लावता येतो. समोरच्याच्या मागणीत काळजी किती आणि हुकूम किती हे वेगळं करायचं, काळजीची पुरेपूर सोय करायची आणि हुकूम हळूहळू गळून पडू द्यायचा.

समोरासमोरचे तास कमी करायला मोठं घर लागत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीत आख्खी कुटुंबं राहिली. भिंती नव्हत्या तिथे माणसांनी वेळा वाटून घेतल्या. कुणी गॅलरीत, कुणी गच्चीवर, कुणी अभ्यासिकेत. घरून काम करणाऱ्यांनी आठवड्यातले दोन दिवस तरी कचेरीत, वाचनालयात किंवा मित्राकडे बसून काम करावं. घरात असताना दार लोटलं की काम चालू आहे आणि हाक मारायची ती जेवणाच्या वेळी, एवढं ठरवून घ्यावं. आई-वडिलांचेही स्वतःचे तास असले पाहिजेत. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, हास्यक्लब, भिशी, सकाळचा फेरफटका यांतलं जे त्यांना रुचेल ते सुरू व्हायला पहिले काही दिवस सोबत जावं लागलं, तर जा. दिवसभरात दुसऱ्या कुणाशीच बोलणं झालेलं नसलं की संध्याकाळी तुमच्यावर सगळ्या दिवसाचा ओघ येतो.

न मागता आलेल्या सल्ल्याला तीन उत्तरं पुरतात: 'हो, हे करते', 'यावर विचार करते', आणि 'हे मी माझं बघते'. तिसरं उत्तर शांतपणे, कारणं न देता द्यायला शिकावं लागतं. कारण दिलं की वाद सुरू होतो, कारण प्रत्येक कारणाला प्रतिकारण असतं. तसंच तिसऱ्या माणसाचं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी दाखवलं की दोन माणसांतला ताण असह्य झाला की त्यात तिसरं माणूस ओढलं जातं. आपल्याकडे आई परगावच्या मुलाला फोन करते, तो तिथून बहिणीला समजावतो, आणि घरातलं दुखणं तीन गावांत पसरतं. 'दादा, हे मी आणि आई बघून घेऊ; तू तिच्याशी रोज दहा मिनिटं गप्पा मार, तेवढं पुष्कळ आहे,' असं प्रेमाने सांगून भावाला पंचाच्या खुर्चीतून उठवा. आणि आईची तक्रार मावशीकडे करायची सवय असेल, तर तुम्हीही ती मोडा.

बोलायचं कसं

यातलं काहीही भांडणाच्या ओघात ठरत नाही. दोघांचं पोट भरलेलं असेल, टीव्हीवरची मालिका संपलेली असेल, बाहेर जायची घाई नसेल अशी वेळ धरा. एका वेळी एकच विषय घ्या. आपल्याला काय खुपतं इथून सुरुवात करण्याऐवजी दोघांना कशाचा त्रास होतो इथून करा. 'आई, मी उशिरा आले की तुला झोप लागत नाही, आणि दारात विचारलंस की मला चीड येते. महिनाभर असं करून बघूया का?' या बोलण्यात आरोप नाही, माफी नाही, आणि कायमचं काहीच मागितलेलं नाही. महिन्याची मुदत फार कामाची असते. कायमच्या बदलाला घाबरणारं माणूसही महिनाभर करून बघायला तयार होतं. ती नाही म्हणाली, तर आपल्या बाजूचं तेवढं सुरू करा. नऊच्या आत निरोप पाठवायला तिची संमती लागत नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप बहुधा आई-वडिलांकडून येईल. रक्ताच्या नात्यात कसले नियम, घर म्हणजे काय लॉज आहे? या आक्षेपात जिव्हाळा आहे, म्हणून त्याला मान द्यायला हवा. पण नियम नसलेलं घर कुठेच नसतं. आज चालू असलेले नियम न बोलता ठरलेले आहेत आणि त्यांतले बरेच मूल दहा वर्षांचं असतानाचे आहेत, एवढाच फरक. भाऊबंदकीत ज्यांनी जमिनीच्या वाटण्या तोंडी ठेवल्या त्यांची प्रकरणं पुढे कोर्टात गेली, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मायेच्या माणसांशीच स्पष्ट बोलून ठेवावं, म्हणजे माया टिकते.

दुसरा आक्षेप मुलांचा: सगळं मीच का बदलू? तीस वर्षं ऐकून घेतलं, आता समजूतदारपणाही माझ्याच गळ्यात का? ही तक्रार न्याय्य आहे, आणि तरी तिच्यातून मार्ग निघत नाही. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस सांगत की समोरच्याने चांगलं वागावं ही इच्छा निरोगी आहे; त्याने तसं वागलंच पाहिजे हा हट्ट आपल्यालाच आजारी करतो. सत्तर वर्षांच्या माणसाचा स्वभाव बदलवणं तुमच्या हातात नाही, पण तो स्वभाव तुमच्या अंगावर येण्याचे प्रसंग कमी करणं हातात आहे. मी सांगतो ती घडी आई-वडिलांच्या भल्याची आहेच, पण आधी ती तुमच्या बचावाची आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत तगडा आहे. खरी इजा नात्यातल्या ताणाने होते, असं वर अभ्यासाच्या आधारानेच म्हटलं आहे. मग भांडी नि किल्ल्या यांची व्यवस्था लावून काय साधणार? उत्तर असं की नात्यातलं दुखणं रोज उघडं पडतं ते याच निमित्तांनी. रोज खपली निघत राहिली तर जखम भरत नाही. निमित्तं कमी झाली म्हणजे दुखणं बरं झालं असं नव्हे, पण त्याच्याकडे शांतपणे बघता येण्याइतकी फुरसत मिळते. त्या फुरसतीत काहींच्या लक्षात येतं की आपल्याला आईशी एकदा नीट बोलायचं आहे. काहींच्या लक्षात येतं की ती हे कधीच ऐकून घेऊ शकणार नाही, आणि ते दुःख समुपदेशकाकडे किंवा जिवलग मैत्रिणीकडे मोकळं केलेलं बरं. दोन्ही निर्णय धगधगत्या घरात होत नाहीत.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे: एवढं करण्यापेक्षा वेगळं का राहू नये? परवडत असेल आणि आई-वडील धडधाकट असतील तर जरूर राहावं. वेगळं राहणं म्हणजे नातं तोडणं नाही. पण पळ काढून वेगळं होणं आणि ठरवून वेगळं होणं यांत फरक आहे. संपर्क तोडला तरी गुंता मनात तसाच राहतो आणि पुढच्या नात्यांत उतरतो, असं बोवेन यांचं निरीक्षण होतं. घडी बसवायची सवय वेगळं राहतानाही लागते: किती वेळा जायचं, किती पैसे पाठवायचे, कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नाहीत.

जिथे घडी पुरत नाही

काही घरांत प्रश्न घडीचा नसतो आणि ते ओळखता आलं पाहिजे. आयुष्यभर शांत असलेले वडील गेल्या सहा-आठ महिन्यांत संशयी, चिडके किंवा विसराळू झाले असतील, तर आधी डॉक्टरांकडे न्या. ऐकू कमी येणं, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवात यांतलं काहीही स्वभाव बदलल्यासारखं दिसू शकतं. कमी ऐकू येणारं माणूस मोठ्याने बोलतं, आणि घर त्याला ओरडणं समजतं. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, जगण्याचा वीट आला असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते.

मारहाण, कोंडून ठेवणं, पगार काढून घेणं, लग्नाची जबरदस्ती यांना ताण म्हणत नाहीत, तो हिंसाचार आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 चा कायदा फक्त सुनांसाठी आहे अशी समजूत असते. रक्ताच्या नात्यातल्या, एका घरात राहणाऱ्या कोणत्याही स्त्रीला, म्हणजे मुलीला वडिलांविरुद्ध आणि आईला मुलाविरुद्धही, त्याचा आधार घेता येतो. मदतीसाठी 181, आणि जिवाला धोका असेल तर 112. दुसऱ्या बाजूने, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा त्यांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा अधिकार देतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, ती अट मोडली तर परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन 14567. आई-वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात प्रौढ मुलगा राहतो तो त्यांच्या मर्जीने, हक्काने नव्हे, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 साली दिला. वडिलोपार्जित मालमत्तेचं तसं नाही. तिथे हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही मुलग्यांइतकाच वाटा आहे. ही माहिती घरात धमकी म्हणून फेकण्यासाठी नाही. आपण कुठे उभे आहोत हे कळलं की 'हे घर माझं आहे' या वाक्याचा दंश कमी होतो. ते बऱ्याचदा नुसतं खरं असतं.

या सगळ्यातून काय पदरात पडेल, याची अपेक्षा बेताची ठेवा. आईचा स्वभाव बदलणार नाही, जुने हिशेब चुकते होणार नाहीत, काही आठवडे सगळं बिघडल्यासारखंही वाटेल, कारण जुनी सवय मोडताना घर कुरकुरतं. पण दोन-तीन महिन्यांत भांडणांची संख्या कमी होईल आणि झालेलं भांडण त्याच दिवशी संपेल. एवढं झालं तरी एक महत्त्वाची गोष्ट साधते: या घरात राहायचं की नाही, आणि या माणसाशी किती जवळीक ठेवायची, हे तुम्ही रागाच्या भरात न ठरवता विचाराने ठरवू शकता. या आठवड्यात यादीतला सगळ्यात सोपा विषय निवडा. सगळ्यात दुखरा निवडू नका. पहिला ठराव पाळला गेला की दुसरा करायला दोघांनाही धीर येतो, आणि तो धीर आल्याशिवाय आई-वडिलांशी प्रौढ माणसासारखं बोलणं कुणालाच जमत नाही.